छत्री उघडली की पुन्हा सांगायचे

आर्वीच्या एसटी स्थानकावर गुलाबराव खोडे माईकवर गाडी सांगायचे आणि शेवटचा शब्द तोंडात असतानाच खिडकीतून डोके बाहेर काढायचे. समोरच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंगच्या गोदामाची लांबलचक भिंत होती. छपरावरच्या कर्ण्यातून निघालेला आवाज तिच्यावर आदळून परत यायचा. तो कानावर पडला की गुलाबराव डोके आत घ्यायचे आणि नोंदवहीत गाडीची वेळ लिहायचे. दिवसाला साठ-सत्तर गाड्या, म्हणजे तितक्याच वेळा त्यांचे डोके खिडकीबाहेर. नवख्या प्रवाशांना वाटे, साहेब कोणाला तरी शोधत आहेत.

"गेलेला आवाज परत आला पायजे," ते म्हणत. "परत आला म्हंजे पोचला. नाई आला तर कुठं तरी सांडला."

ते तिथले वाहतूक नियंत्रक. गावात त्यांना कंट्रोलर म्हणत. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर मी नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून आर्वीत आलो, तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. त्या काळात बातम्या पाकिटात घालून बसने पाठवायच्या. सव्वाचारच्या नागपूर गाडीत पाकीट टाकले की रात्री ते कचेरीत पोचे आणि सकाळी छापून येई. त्यामुळे रोज दुपारी माझे काम त्यांच्याकडे असे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे पाकीट हातात घेऊन वजन पाहिले आणि विचारले, "आर्वीत एवढं घडते काय, बातमीदार साहेब?"

त्यांचा आवाज भारी नव्हता. स्वच्छ होता. 'पुलगाव' म्हणताना प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू येई. इतर नियंत्रक गाडी सांगताना फलाटाचा क्रमांक शेवटी घाईत उरकत. गुलाबराव तो आधी सांगत, मग गावे, मग पुन्हा क्रमांक. त्याचे कारण त्यांनी मला एकदा समजावून दिले. "प्रवासी आंधळा आहे असं समजून सांगा लागते. पाटी वाचता येत नाई त्याले, डोक्यावर गठुडं, कडेवर पोरगं. त्याले पह्यले पाय कुठं न्याचे ते सांगा. गाव मंग सांगा." वीज गेली की ते बाहेर फलाटावर येत आणि तोंडाने सांगत. तेव्हाही भिंत आवाज परत देत असे.

बदल कधी सुरू झाला हे नेमके सांगता येत नाही. ऐंशी सालानंतर केव्हा तरी लोक खिडकीशी येऊन विचारू लागले, "साहेब, आता कोन्ती लागली म्हने?" गुलाबरावांनी आधी माईक तोंडाजवळ ओढला. मग माईकला जोडलेल्या ॲम्प्लिफायरच्या पेटीचा आवाज वाढवला. पेटी शिट्टी मारू लागली. त्यांनी तक्रार लिहिली. वर्ध्याहून मेकॅनिक आला, त्याने वायर बदलली. दोन महिन्यांनी दुसरी तक्रार गेली, तेव्हा पेटीच बदलून आली. नवी पेटी जास्त ताकदीची होती. पुढचे काही महिने सगळे ठीक चालले आणि भिंतीवरून आवाज परत येत राहिला. आता लक्षात येते की त्या पेटीने त्यांचा आजार सहा-आठ महिने झाकून ठेवला.

घरी पेटी नव्हती. तिथे सुमित्राबाई होत्या, त्यांच्या पत्नी. माहेर रोहण्याचे. कामाला आणि जिभेला सारख्याच चलाख. रोज बारा वाजता डबा घेऊन स्थानकावर येत. एका दुपारी मी नियंत्रण कक्षात बसलो असताना त्या दोघांचे हे बोलणे झाले.

"काय म्हनता? नाई आलं आयकू."

"भाजीत मीठ कमी आहे म्हनतो."

"थोडं जोरात बोला ना."

"इतलं जोरात बोलून राह्यलो, अजून काय भोंगा लावू? तुले आयकूच येऊन नाई राह्यलं. सहा महिने झाले पाहून राह्यलो मी."

"मले? मले शेजारच्या घरातली फोडनी आयकू येते."

"फोडनी येते, नवरा नाई येत," गुलाबराव माझ्याकडे पाहून म्हणाले.

मी हसलो. मला मिठाचे वाक्य ऐकू आलेले नव्हते, पण ते मी बोललो नाही. गुलाबरावांशी बोलताना आम्ही सगळेच तेव्हा तसे करत होतो. वाहक, चालक, चहावाला, मी. अर्धे ऐकू यायचे, अर्धे ओठांवरून कळायचे, उरलेल्याला मान हलवायची. इतक्या वर्षांच्या माणसाला पुन्हा पुन्हा 'काय?' म्हणणे बरे दिसत नव्हते. एकट्या सुमित्राबाई 'नाही आले' म्हणत, आणि त्यांच्या कानाबद्दल शंका घेतली जात होती.

त्याच महिन्यात माझे एक पाकीट चुकले. अडीच वाजता मी खिडकीवरून जात असताना गुलाबराव काही तरी म्हणाले. मी मान हलवली आणि बातमी पुरी करायला चहाच्या टपरीवर बसलो. चारला परत आलो, तर सव्वाचारची गाडी बिघाडामुळे रद्द झालेली होती. नदीवरच्या पुलाचे काम बंद पडल्याची बातमी त्या पाकिटात होती. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच वर्तमानपत्रात आली.

"मी सांगतलं होतं ना तुमाले," गुलाबराव म्हणाले. "साडेतीनच्या गाडीत टाका म्हनून. तुमी मान हालवली."

"विसरलो," मी म्हणालो.

थोड्याच दिवसांनी ते सुमित्राबाईंना घेऊन वर्ध्याला निघाले. तिथले कान-नाक-घशाचे डॉक्टर माझ्या ओळखीचे होते, म्हणून मीही गेलो. गाडीत सुमित्राबाई खिडकीपाशी तोंड फिरवून बसल्या होत्या. "बहिरी ठरवून आनतात मले," एवढेच त्या पुलगावपर्यंत बोलल्या.

डॉक्टरांनी त्यांचे कान पाहिले, कंप पावणारा चिमटा कानाशी धरला. मग त्यांच्या मागे पाच-सहा हातांवर उभे राहून हळूच शब्द उच्चारले. सुमित्राबाईंनी प्रत्येक शब्द परत सांगितला. डॉक्टर आणखी मागे, दारापर्यंत गेले आणि कुजबुजले. सुमित्राबाई म्हणाल्या, "कपाशी. आनि तुमी आत्ता सुपारी खाऊन राह्यले."

डॉक्टरांनी गुलाबरावांना दारापाशी उभे केले. "आता तुम्ही बोला. स्थानकावर सांगता तसं."

गुलाबराव बोलले. डॉक्टर खोलीच्या मध्यावर उभे होते. त्यांनी मान वाकडी करून ऐकले आणि म्हणाले, "मला शेवटचं गाव कळलं नाही. ह्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, कंट्रोलर साहेब. जरा इकडे बसा."

त्यांनी गुलाबरावांना दहा वेळा 'आर्वी' लिहायला सांगितले. पहिले आर्वी ठसठशीत होते. दहावे मुंगीएवढे. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर बारीक घासला जात होता. लिहिताना थांबायचा, हात मांडीवर ठेवला की पुन्हा सुरू व्हायचा. चेहऱ्यावर फारशी हालचाल नव्हती. मला तो गंभीरपणा वाटत आला होता. नोंदवहीतली अक्षरे वर्षभर लहान होत चालली होती, तीही मी रोज पाहत होतो.

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. जुने लोक कंपवात म्हणतात, ते डॉक्टर पार्किन्सन म्हणाले. गोळ्यांसाठी नागपूरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. मग आवाजाकडे वळले. त्यांनी जे सांगितले ते मी तेव्हाच वहीत उतरवून घेतले. माणूस बोलतो तेव्हा त्याचा कान राखणीला बसलेला असतो. आवाज कमी झाला की कान सांगतो, वाढव. या आजारात बाहेरचे आवाज नीट ऐकू येतात, पण स्वतःच्या आवाजाचे माप बिघडते. आवाज निम्म्यावर आला तरी कान म्हणतो, पुरे आहे. आणि कोणी वाढवायला लावला तर कान म्हणतो, ओरडतो आहेस.

"म्हंजे माहा कान मले खोटं सांगून राह्यला?" गुलाबरावांनी विचारले.

"तसंच समजा."

"पस्तीस वर्षांत मी दुसऱ्या कोनाले विचारलं नाई."

"आता विचारावं लागेल. तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल तेवढं बोला, तेव्हा ते बरोबर असेल. पण त्याचा निर्णय तुमच्या कानावर सोडू नका. दुसऱ्याचा कान घ्या."

सुमित्राबाई पदर सावरत म्हणाल्या, "माह्ये दोन हायेत ना. आत्ताच तपासून देल्ले तुमी."

परतीच्या प्रवासात गुलाबराव त्यांच्या बाजूच्या बाकावर बसले होते. आर्वी आल्यावर त्यांनी सुमित्राबाईंची पिशवी उचलली. ते कधी पिशवी उचलत नसत.

तरीही त्यांचा विश्वास बसला नव्हता. डॉक्टरांच्या खोलीत पंखा चालू होता, असे ते दोन दिवस म्हणत राहिले. माझ्याकडे सभांसाठी घेतलेला एक टेपरेकॉर्डर होता. मी तो नियंत्रण कक्षाच्या टेबलावर आमच्या दोघांच्या बरोबर मधे ठेवला आणि पाच मिनिटे गाड्यांबद्दल बोलत राहिलो. मग टेप ऐकवला. माझा आवाज खोलीभर आला. मग एक पोकळी, तिच्यात दूरवर कोणी तरी पुटपुटल्यासारखे. मग पुन्हा माझा आवाज.

"तुमचं मशीन माह्यावर खार खाऊन राह्यलं काय?" ते म्हणाले. मी जागा बदलून पुन्हा टेप केले. तेच झाले. त्यांनी टेप तिसऱ्यांदा लावायला सांगितला आणि या वेळी डोळे मिटून ऐकला. नंतर म्हणाले, "हा मानूस गाडी सांगाच्या लायकीचा नाई."

हेच आगारप्रमुखांच्याही मनात होते. ते सज्जन होते. निवृत्तीला पावणेदोन वर्षे उरलेल्या माणसाला त्यांनी हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसायला सुचवले. खुर्ची, पंखा, उभे राहणे नाही. गुलाबरावांनी पंधरा दिवस मागितले. "पंधरा दिवसांत फलाटावरून एकानं जरी येऊन विचारलं की कोन्ती गाडी सांगतली, तर मी सोता छत्र्या-पिशव्या मोजाले जातो."

आगारप्रमुख म्हणाले, "ठीक आहे."

सुमित्राबाईंनी शेवटच्या फलाटामागच्या कडुलिंबाखाली जागा धरली. तिथून नियंत्रण कक्षाची खिडकी दिसत होती आणि तिथवर आवाज पोचला तर तो सगळीकडे पोचला असे धरायला हरकत नव्हती. पहिल्या दिवशी त्या हात वर करत होत्या, पण गर्दीत हात दिसेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी काळी छत्री आणली. ठरले असे: नीट ऐकू आले तर छत्री मिटलेली. ऐकू आले नाही तर उघडायची आणि पुन्हा सांगून नीट ऐकू येईपर्यंत मिटायची नाही.

त्या दिवशी छत्री बहुतेक उघडीच होती. शेंगदाणेवालीने विचारले, "बाई, सावलीत बसून छत्री काऊन उघडता?"

"घरचं काम आहे," सुमित्राबाई म्हणाल्या.

गुलाबराव आता भिंतीकडे कान देत नव्हते. डोके बाहेर काढायचे, पण कडुलिंबाकडे पाहायला. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना ते वैतागले. "मले वाटते, मी लोकायले शिव्या देऊन राह्यलो."

"द्या ना मंग. आयकू तर येतात."

"लाज वाटते मले."

"मले नाई वाटली, बहिरी म्हनून वर्ध्याले नेलं तवा?"

गुलाबरावांनी डबा बंद केला. पुढची गाडी त्यांनी इतक्या जोराने सांगितली की कुत्रे उठले. छत्री मिटलेलीच राहिली.

मी त्या पंधरवड्यात रोज तासभर तिथे बसून पाहत होतो. एक गोष्ट नजरेत आली. बाजाराच्या दिवशी, गोंगाट असताना छत्री कमी वेळा उघडे. दुपारी सामसूम झाली की जास्त. मी डॉक्टरांना कळवले. ते म्हणाले, बाहेरचा गोंगाट माणसाचा आवाज आपोआप उचलतो, त्याला विचारत नाही. शांततेत त्याला स्वतः उचलावे लागते. ते मी गुलाबरावांना सांगितले, तेव्हापासून ते सामसूम दुपारी गाडी सांगण्याआधी टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभे राहत, आणि मग बोलत.

प्रवाशांनाही छत्री कळली. "थांब ना बाप्पा, बाईनं छत्री उघडली. आता पुन्हा सांगतीन." अशी वाक्ये फलाटावर ऐकू येऊ लागली. खिडकीशी येऊन विचारण्याची कोणाला गरज उरली नाही.

तेराव्या दिवशी दुपारी वीज गेली. माईक बंद. आगारप्रमुख त्या वेळी कडुलिंबाखालीच उभे होते. मुद्दाम की सहज, ते मला माहीत नाही. सुमित्राबाई उठून उभ्या राहिल्या. गुलाबराव कक्षातून बाहेर आले. चाल लहान लहान पावलांची झाली होती. फलाटाच्या कडेला थांबून ते म्हणाले, "फलाट तीन. रोहणा, पुलगाव. फलाट तीन."

छत्री उघडली.

त्यांनी पुन्हा सांगितले. छत्री तशीच होती. आगारप्रमुख सुमित्राबाईंना म्हणाले, "मला ऐकू आलं, बाई. राहू द्या."

"तुमी कान लावून उभे आहा," त्या म्हणाल्या. "मले 'पुलगाव' नाई आलं."

गुलाबरावांनी विजेच्या खांबाला हात टेकला, पाय फाकवले आणि छाती भरून घेतली. तिसऱ्यांदा ते बोलले तेव्हा रोहण्याच्या गाडीजवळचे लोक वळून पाहू लागले. पुलगाव पूर्ण आले, चारही अक्षरे वेगळी. गोदामाच्या भिंतीवरून ते परतही आले. गुलाबरावांनी तिकडे पाहिले नाही. ते छत्रीकडे पाहत होते. ती मिटली.

आगारप्रमुख कक्षात जाऊन एवढेच म्हणाले, "ह्यांचं टेबल इथेच राहू द्या."

पुढे एक वर्ष आठ महिने, निवृत्तीच्या दिवसापर्यंत, गुलाबरावांनी गाड्या सांगितल्या. सुमित्राबाई रोज बारा ते पाच कडुलिंबाखाली असत. सकाळच्या पाळीत त्यांची जागा शेंगदाणेवाली घेई. तिला छत्री दिलेली होती. निरोप समारंभात गुलाबरावांना भाषण करायला सांगितले. त्यांनी माईक घेतला, शेवटची गाडी सांगितली आणि हार काढून ठेवला.

नंतर माझी बदली नागपूरच्या कचेरीत झाली. आर्वीला जाणे वर्षातून एकदा-दोनदा. आजार पुढे जात होता. गोळ्यांनी सकाळ बरी जाई, दुपार जड. अखेरच्या भेटीत ते खाटेवर टेकून बसले होते. छत्री समोरच्या खुंटीला टांगलेली होती, त्यांना दिसेल अशी.

ते काही तरी म्हणाले. मी पुढे वाकलो. जुन्या सवयीने मान हलू लागली होती, ती मी थांबवली.

"नाही आलं ऐकू," मी म्हणालो.

सुमित्राबाईंनी चुलीपाशी मान वळवली. गुलाबरावांनी खाटेची कड धरली, खुंटीकडे पाहिले आणि पुन्हा विचारले. या वेळी प्रत्येक शब्द कळला.

"त्या दिवशी, पाकिटाच्या दिवशी, मी साडेतीनची गाडी सांगतली. तुमाले आयकू आलं होतं काय?"

"नाही."

"मंग मान काऊन हालवली?"

बरे दिसणार नाही म्हणून, असे मी म्हणालो.

"मी लय दिवस समजत होतो, बातमीदार विसराळू आहे." चेहरा हलत नव्हता, पण डोळ्यांत हसू होते. "पन्नास मानसं मान हालवत होते. एक बाई नाई म्हने. तिले मी वर्ध्याले नेली."

"तिकीट तरी काढलं होतं माहं," सुमित्राबाई चुलीपासून म्हणाल्या. "एसटीच्या फुकट पासावर नाई नेली."

त्या हिवाळ्यात ते गेले. मला तार दुसऱ्या दिवशी मिळाली. बाराव्याला मी आर्वीत पोचलो. सगळे आटोपल्यावर सुमित्राबाई भावाकडे रोहण्याला निघाल्या, म्हणून त्यांना पोचवायला स्थानकावर गेलो. ऊन उतरले होते. त्यांच्याजवळ एक पिशवी आणि ती छत्री होती. आम्ही कडुलिंबाखाली उभे राहिलो. खिडकीत आता दुसरे नियंत्रक होते, गुलाबरावांच्या हाताखाली वर्षभर काम केलेले. त्यांनी गाडी सांगितली. घाईत, फलाटाचा क्रमांक शेवटी, तोंडातल्या तोंडात.

सुमित्राबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि छत्री उघडली.

खिडकीतून डोके बाहेर आले. मग कर्ण्यातून आवाज आला, सावकाश आणि मोठा: "फलाट तीन. रोहणा, पुलगाव. फलाट तीन."

सुमित्राबाईंनी छत्री मिटली, पिशवी उचलली आणि तीन नंबरकडे निघाल्या.